शेततळ्यातला उडी मारणारा भुंगेरा : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे पाण्यातल्या किड्यांविषयीची पत्रे येऊ लागतात, हा दरवर्षीचा अनुभव आहे. या खेपेस आलेली सात पत्रे मात्र वेगवेगळ्या गावांहून आलेली असूनही एकाच चिमुकल्या भुंगेऱ्याविषयी, किंवा फार तर त्याच्या चुलत भावंडांविषयी आहेत, असे वाचता वाचता लक्षात आले. म्हणून या महिन्याचे सदर त्याच्याच नावे केले आहे.

प्रश्न : आमच्या शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर आहे. आषाढात ते भरल्यापासून पाण्यात मसुराच्या दाण्याएवढे, पिवळसर तपकिरी किडे दिसू लागले. ते सुळकन खाली जातात, पुन्हा वर येतात आणि शेपटीकडचे टोक क्षणभर पाण्याबाहेर काढतात. एक पकडून तळहातावर घेतला, तर टुणकन उडी मारून पुन्हा पाण्यात गेला. हा कोणता किडा आहे आणि त्याच्यामुळे पाण्याला किंवा पिकाला काही धोका आहे का? (एक शेतकरी, तालुका संगमनेर)

उत्तर : ओळख पटवणाऱ्या दोन्ही खुणा आपण स्वतःच लिहून पाठवल्या आहेत. शेपटीचे टोक वर काढणे ही त्याच्या कुळाची खूण आहे आणि तळहातावरून उडी मारणे ही त्याच्या प्रजातीची, म्हणजे कुळातल्या जवळच्या जातींच्या गटाची. कुळाचे शास्त्रीय नाव डायटिसिडी. ‘बुडी मारू शकणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. जगभरात या कुळातल्या चार हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून मराठीत पाणभुंगेरे म्हणणे सोयीचे आहे. आपल्या तळ्यातला पाहुणा आपल्या वर्णनावरून लॅकोफिलस या प्रजातीतला दिसतो. ही प्रजाती विल्यम एलफर्ड लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८१५ मध्ये वेगळी काढली. ‘लॅकोस’ म्हणजे खड्डा, तळे किंवा हौद आणि ‘फिलोस’ म्हणजे त्याची आवड असणारा. तेव्हा खणलेल्या शेततळ्यात तो येऊन राहिला, यात नावाप्रमाणेच वागला म्हणायचे. या प्रजातीतल्या एका युरोपीय जातीला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्येच ‘मिन्युटस’, म्हणजे चिमुकला, असे नाव देऊन ठेवले होते. आज या एका प्रजातीत पावणेतीनशेहून अधिक जाती मोजल्या जातात आणि त्यांतल्या काही भारतात सर्वत्र आढळतात.

खात्री करायची असेल तर एक भुंगेरा चहाच्या गाळणीने उचलून पांढऱ्या बशीतल्या थोड्या पाण्यात सोडावा आणि भिंगातून पाहावा. लांबी बहुधा ३ ते ५ मिलिमीटर असते. अंग चपटे, लांबट गोल आणि दोन्ही टोकांना निमुळते असते, डोके, छाती व पाठ यांच्या मध्ये कुठेही खाच पडत नाही. पिवळसर पाठीवर गडद रंगाच्या नागमोडी रेषा किंवा ठिपके असतात. बहुतेक भुंगेऱ्यांच्या पाठीवर, दोन्ही पंखकवचे जिथे छातीला मिळतात तिथे, एक लहानसा त्रिकोण दिसतो. लॅकोफिलसमध्ये तो छातीच्या कडेखाली झाकला गेल्यामुळे दिसत नाही. मागच्या पायांना केसांची झालर असते. पाय मागे रेटताना हे केस पसरून वल्ह्याचे पाते होतात, आणि पाय पुढे घेताना मिटून पाण्याला वाट देतात. दोन्ही मागचे पाय एकदम हलतात, नावाड्याच्या दोन वल्ह्यांसारखे, म्हणून त्याची चाल झटक्याझटक्याची दिसते.

आता उडीविषयी. पाणभुंगेऱ्यांच्या मागच्या पायांचे बूड छातीच्या कवचाशी एकजीव झालेले असते. ते पाय आडवे फिरतात, चालताना खाली टेकवावे तसे टेकता येत नाहीत. पोहण्यासाठी मिळालेल्या या सोयीची किंमत तो जमिनीवर मोजतो. बहुतेक पाणभुंगेरे कोरड्यावर ठेवले की एका जागी भिरभिरत राहतात. लॅकोफिलस मात्र याच पायांचा जोरदार फटकारा देऊन स्वतःला उडवून घेतो, आणि त्यामुळेच आपल्या तळहातावरून तो निसटला.

धोका कोणताही नाही. तो शिकारी आहे, पीक खात नाही. त्याची मादी पाणवनस्पतींच्या देठांत अंडी घालते, पण त्याचा शेतातल्या पिकाशी संबंध येत नाही. मेलेले भुंगेरे ठिबकच्या गाळणीत अडकू शकतात, तेव्हा जाळी धुण्याचे काम मात्र थोडे वाढेल. उलट बाजूही सांगितली पाहिजे : ‘किडे जिवंत आहेत म्हणजे पाणी पिण्याजोगे आहे’ असा एक समज गावोगाव ऐकू येतो. हे भुंगेरे श्वासाची हवा पाण्याबाहेरून आणतात, त्यामुळे गढूळ आणि घाण डबक्यातही ते मजेत राहतात. त्यांच्या असण्यावरून पाण्याच्या शुद्धतेचा निर्वाळा देता येत नाही.

प्रश्न : आमच्या आठवीच्या मुलांनी ओढ्यातून असे तीन भुंगेरे काचेच्या बरणीत आणले. पाण्यात असताना त्यांच्या शेपटीला चांदीसारखा चमकणारा बुडबुडा दिसतो. मुलांचा प्रश्न असा की, एवढ्याशा हवेवर तो इतका वेळ पाण्याखाली कसा राहतो? त्याला माशासारखे कल्ले असतात का? (एक शिक्षिका, जिल्हा कोल्हापूर)

उत्तर : प्रौढ लॅकोफिलसला कल्ले नसतात; पण मुलांनी पाहिलेला बुडबुडाच काही काळ कल्ल्याचे काम करतो, म्हणून मुलांचा प्रश्न उत्तराच्या अगदी जवळ पोचला आहे.

भुंगेऱ्याचे पुढचे पंख टणक होऊन त्यांची झाकणे झालेली असतात. या झाकणांखाली आणि पोटाच्या पाठीवर जी पोकळी राहते, तीत तो हवा साठवतो. कीटक नाकाने श्वास घेत नाहीत. अंगाच्या बाजूंना असलेल्या श्वासरंध्रांतून हवा आत जाते. पाणभुंगेऱ्याची पोटावरची रंध्रे नेमकी या साठ्यात उघडतात. हवा भरून घेण्यासाठी तो शेपटीचे टोक पृष्ठभागाला लावतो आणि झाकणांची टोके किंचित उचलतो. त्यासाठी त्याला फार कष्टही पडत नाहीत, कारण हवेमुळे तो पाण्याहून हलका असतो आणि मागची बाजू सर्वांत हलकी असते. पाय मारणे थांबवले की तो आपोआप शेपटीकडून वर येतो. खाली राहायचे तर त्याला सतत पोहावे लागते किंवा एखादी काडी घट्ट धरून बसावे लागते. बरणीत काडी टाकली नसेल तर अवश्य टाका. बिचारे उगाच दमत असतील.

चमकणारा बुडबुडा म्हणजे झाकणांखालच्या साठ्याचे बाहेर आलेले टोक. हवेत ढोबळमानाने २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. भुंगेरा ऑक्सिजन वापरू लागला की साठ्यातले त्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या मानाने कमी पडते, आणि पाण्यातला ऑक्सिजन बुडबुड्याच्या पडद्यातून आत झिरपू लागतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात चटकन विरघळून जातो. म्हणजे त्याने वर जाऊन आणलेली हवा संपत असतानाच पाण्याकडून तिची भरपाई होत राहते, आणि मूळ साठ्यात होता त्याच्या कित्येक पट ऑक्सिजन त्याला मिळतो.

मग त्याला पुन्हा वर का यावे लागते? याचे उत्तर नायट्रोजनमध्ये आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. ऑक्सिजन कमी झाला की साठ्यातला नायट्रोजनचा वाटा आपोआप वाढतो, आणि तो हळूहळू बाहेर, पाण्यात, झिरपतो. बुडबुडा त्यामुळे आकसत जातो, ऑक्सिजन आत येण्यासाठी लागणारा पडदा लहान होतो आणि शेवटी वर जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ज्या वायूचा श्वासाला काहीच उपयोग नाही, तोच बुडबुडा उभा धरणारा खांब असतो. डेन्मार्कचे रिचर्ड एगे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे प्रयोगाने दाखवले. पाण्यात उताणे पोहणाऱ्या कीटकांना त्यांनी साध्या हवेऐवजी निव्वळ ऑक्सिजनचा साठा घेऊ दिला. ते जास्त वेळ टिकतील असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते फार लवकर गुदमरले. नायट्रोजनचा खांबच नसल्याने ऑक्सिजन वापरला गेला तसा बुडबुडा नाहीसा झाला.

वर्गात करता येण्याजोगा एक साधा प्रयोग सुचवतो. बरणीतला एकच भुंगेरा निवडून दहा मिनिटांत तो किती वेळा वर येतो हे सकाळी थंड पाण्यात मोजावे आणि दुपारी, पाणी कोमट झाल्यावर, पुन्हा मोजावे. दुपारचा आकडा मोठा येईल, कारण उबदार पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्याच वेळी भुंगेऱ्याच्या अंगाची गरज वाढलेली असते. बरणी उन्हात ठेवू नये, आणि मोजणी झाली की त्याला ओढ्यात सोडून द्यावे.

ओढ्यातून मुलांनी आणखी काही काळे, गोलसर, सावकाश पोहणारे भुंगेरे आणलेले असतील तर तेही पाहा. ते पाय आळीपाळीने मारतात आणि हवा घेताना शेपटी वर न काढता डोक्याची बाजू वर आणतात, एका मिशीने पाण्याचा पडदा फोडून. ते वेगळ्या कुळातले असून त्यांतले बहुतेक प्रौढ शेवाळ आणि कुजका पाला खाणारे असतात. दुरून पाहून कोण शिकारी आणि कोण चरणारा हे सांगायचे असेल, तर कोणते टोक वर आले तेवढे पाहावे.

मुलांना हेही सांगता येईल की सगळेच पाणभुंगेरे बुडबुड्यावर अवलंबून नसतात. वाहत्या ओढ्यांत राहणाऱ्या डेरोनेक्टस या युरोपीय प्रजातीच्या पाठीवरच्या सूक्ष्म केसांत श्वासनलिकांची टोके गेलेली असून, ते केसच कल्ल्यांसारखे काम करतात, असे जर्मन अभ्यासकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. हे भुंगेरे वर न येता दीर्घकाळ पाण्याखाली राहू शकतात; ओढ्याच्या धारेत सारखे वर जाणे म्हणजे वाहून जाणे, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवस्थेचे मर्म कळते.

प्रश्न : हा किडा चावतो का? मुले विहिरीत पोहतात म्हणून विचारते. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : एवढ्याशा लॅकोफिलसचे जबडे माणसाच्या कातडीत शिरत नाहीत. याच कुळातले तीन-साडेतीन सेंटिमीटरचे मोठे भुंगेरे आणि विशेषतः त्यांच्या अळ्या मुठीत दाबून धरल्यास कडकडून चावतात. त्यांनाही कोणी धरले नाही तर माणसाच्या वाटेला ते जात नाहीत.

प्रश्न : माझी मोटार गडद लाल रंगाची आहे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तिच्या टपावर टपटप आवाज करीत बारीक तपकिरी भुंगेरे पडू लागले. शेजारच्या पांढऱ्या गाडीवर एकही नव्हता. हा योगायोग म्हणावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : योगायोग नव्हे, आपली मोटार त्यांना तळे वाटली. पाण्याच्या सपाट पृष्ठावरून परतणारा प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरींचे कंपन प्रामुख्याने एकाच आडव्या दिशेत होते. माणसाच्या डोळ्याला हा फरक जाणवत नाही. पाणकिड्यांना जाणवतो आणि उडताना पाणी शोधण्याची त्यांची मुख्य खूण तीच असते. गडद रंगाचा चकचकीत पत्रा हीच खूण पाण्याइतकी, कधी कधी पाण्याहूनही ठळक दाखवतो. हंगेरीतील ग्यॉर्गी क्रिष्का, गाबोर होर्वात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लाल आणि काळ्या मोटारी पाणकिड्यांना का भुलवतात याचा खुलासा याच आधारावर केला. पाणकिड्यांच्या डोळ्यांतल्या या संवेदनेला तांबडा प्रकाश विशेष दिसत नाही, त्यामुळे आपली लाल मोटार त्यांच्या लेखी काळीच असते. पांढऱ्या पत्र्यावरून मात्र सर्व दिशांनी विखुरलेला प्रकाश येतो आणि खूण पुसली जाते.

यात आपले नुकसान काही नाही. नुकसान असलेच तर त्यांचे आहे. टपावर उतरलेला भुंगेरा सुकून मरण्याचा संभव असतो. गाडीवर झाकण घातले, तर दोन्ही पक्षांची सोय होईल. अंगणातल्या दिव्याभोवती ते जमतात तो प्रकार निराळा, पण तिथेही दिव्याखाली बादली असेल तर सकाळी तीत दोन-चार लॅकोफिलस हमखास सापडतात. माझी या प्रजातीशी पहिली गाठ अशाच एका बादलीत पडली आणि कित्येक दिवस ते मी भिजलेल्या भाताचे तूस समजत होतो.

प्रश्न : आम्ही दहा गुंठ्यांच्या संवर्धन तळ्यात मत्स्यजिरे, म्हणजे माशांची अगदी लहान पिल्ले, सोडतो. पाणकिड्यांमुळे जिऱ्याची मोठी घट होते. त्यात या भुंगेऱ्यांचा वाटा किती आणि त्यांचा बंदोबस्त औषधाशिवाय कसा करावा? (एक मत्स्यशेतकरी, जिल्हा भंडारा)

उत्तर : सहा-सात मिलिमीटरच्या मत्स्यजिऱ्याला पाण्यातला जवळजवळ प्रत्येक शिकारी कीटक भारी पडतो, आणि लॅकोफिलसही त्याला अपवाद नाही. तरीही खरे गुन्हेगार त्याच्याहून मोठे असतात : उताणे पोहणारे किडे, पाण्यातले मोठे ढेकूण, सिबिस्टर प्रजातीचे तीन सेंटिमीटरचे पाणभुंगेरे आणि त्यांच्या अळ्या. या अळीच्या कोयत्यासारख्या जबड्यांतून आरपार बारीक नळी गेलेली असते. भक्ष्याला धरून ती नळीवाटे पाचकरस आत सोडते, आतले मांस तिथेच विरघळवते आणि तो रस शोषून घेते. जिऱ्याचे रिकामे कातडे तेवढे मागे राहते. प्रौढ भुंगेरा मात्र भक्ष्य चावून, तुकडे तोडून खातो.

बंदोबस्ताचा उपाय आपल्याकडच्या मत्स्यसंवर्धनात जुना आहे आणि त्याचे तत्त्व वर शिक्षिकाबाईंना दिलेल्या उत्तरातच आहे. जिरे सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास साबण आणि तेल यांचे मिश्रण पाण्यावर पसरावे. प्रमाण हेक्टरी ५६ किलो स्वस्त खाद्यतेल आणि १८ किलो धुण्याचा साबण असे सांगितले जाते. आपल्या दहा गुंठ्यांना साधारण ५.७ किलो तेल आणि १.८ किलो साबण पुरेल. साबण गरम पाण्यात विरघळवून त्यात तेल घोटावे आणि वारा पडलेला असताना ते शिंपडावे, कारण वाऱ्याने तवंग एका काठाला ढकलला गेला तर सगळी मेहनत वाया जाते. हवा घ्यायला वर आलेल्या किड्याची श्वासरंध्रे या तवंगाने बंद होतात आणि तो गुदमरतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. चतुराच्या अळ्या पोटाच्या शेवटच्या भागातल्या कल्ल्यांनी पाण्यातलाच ऑक्सिजन घेतात, त्यांना वर यावे लागत नाही. त्यामुळे तवंगाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही आणि त्याही जिरे खातात. त्यांच्यासाठी बारीक आसाचे जाळे दोन-तीन वेळा ओढण्याला पर्याय नाही. शिवाय तवंग विरला की नवे भुंगेरे उडत येणारच. हा उपाय कायमचा नसून, जिऱ्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, होईपर्यंतचे पहिले नाजूक दिवस पार पाडण्यापुरता आहे.

मासे मोठे झाल्यावर ते उलट भुंगेऱ्यांना खातात का, असेही आपण विचारले आहे. खातात, पण प्रत्येक वेळी गिळतातच असे नाही. पाणभुंगेऱ्यांच्या छातीत एक ग्रंथी असते आणि संकटात ते तिच्यातून दुधी द्रव सोडतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान शिल्डक्नेख्ट यांनी १९६०च्या दशकात एका मोठ्या युरोपीय पाणभुंगेऱ्याच्या या द्रवात जे रसायन ओळखले, ते सस्तन प्राण्यांच्या मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत तयार होणारे एक स्टेरॉइड निघाले. असा भुंगेरा तोंडात घेतलेला मासा त्याला थुंकून टाकतो.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत आणि गटारांत गप्पी मासे सोडण्याऐवजी हे भुंगेरे सोडले तर डास कमी होतील का? ते डासांच्या अळ्या खातात असे वाचले आहे. (एका संस्थेचे सचिव, ठाणे)

उत्तर : खातात हे खरे आहे, प्रौढही खातात आणि त्यांच्या अळ्याही. तरी हा बेत सोडून द्यावा, अशीच माझी सूचना आहे. गप्पी मासा टाकीतून उडून जाऊ शकत नाही. लॅकोफिलसला पंख आहेत आणि जागा न आवडल्यास तो त्याच रात्री निघून जातो. शिवाय तो केवळ डासांच्या अळ्यांवर जगत नाही. पाण्यातले बारीक कवचधारी जीव, चावा न घेणाऱ्या माश्यांच्या अळ्या, मेलेले किडे, असे जे मिळेल ते तो खातो, त्यामुळे अमुक भुंगेऱ्यांनी अमुक डास कमी होतील असा हिशेब मांडता येत नाही. त्याची पिढीही आपल्या टाकीत वाढणार नाही, कारण पूर्ण वाढलेल्या अळीला कोष करण्यासाठी पाण्याबाहेर येऊन ओलसर मातीत लहानशी खोली करावी लागते, आणि सिमेंटच्या टाकीला माती कुठून असणार?

डेंग्यूचा डास फुलदाणीखालची बशी, टायर, फ्रिजमागचा ट्रे अशा किरकोळ साठ्यांत वाढतो, जिथे पाणभुंगेरा फिरकत नाही. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगितले जाते. त्या दिवशी भांडे नुसते उपडे न करता आतून घासावे, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

भुंगेऱ्यांचा उपयोग करून घ्यायचाच असेल, तर संस्थेच्या मागे एखादा नैसर्गिक पाणथळ तुकडा किंवा जुने तळे असल्यास त्यात फवारणी न करणे आणि गप्पीही न सोडणे, हा त्याचा मार्ग आहे. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. टाकीत तो ठीक, पण उघड्या तळ्यात तो डासांच्या अळ्यांबरोबर भुंगेऱ्यांच्या कोवळ्या अळ्याही टिपतो.

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या सड्यावर पावसाळ्यात कातळाच्या खळग्यांत पाणी साठते आणि त्यात असे भुंगेरे दिसतात. दिवाळीनंतर खळगे ठणठणीत कोरडे पडतात, आणि पुढच्या आषाढात भुंगेरे पुन्हा हजर असतात. मधले सात-आठ महिने ते कुठे असतात? शेततळ्यातल्या भुंगेऱ्यांविषयीही माझे बंधू हेच विचारतात. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लॅकोफिलससारख्या सुपंख जातींचे उत्तर सोपे आहे : पाणी आटू लागले, तापू लागले की प्रौढ उडून बारमाही पाण्याकडे जातात. विहीर, धरणाचा काठ, नदीतला डोह, काहीही त्यांना चालते. पाऊस पडला की तिथून ते पुन्हा नव्या डबक्यांकडे पसरतात, आणि नव्या पाण्यात सर्वांत आधी पोचणाऱ्या शिकाऱ्यांत त्यांची गणना होते. ही घाई समजण्यासारखी आहे. आदल्या दिवशी भरलेल्या डबक्यात मासे नसतात, मोठे शिकारी नसतात आणि डासांच्या अळ्यांची मात्र रेलचेल होणार असते. उबदार पाण्यात अंडे, तीन टप्प्यांतली अळी, मातीतला कोष आणि प्रौढ हा सगळा प्रवास काही आठवड्यांत उरकतो, म्हणून अल्पायुषी डबकेही त्यांना पुरते.

आपल्या बंधूंच्या शेततळ्याचे गणित थोडे वेगळे आहे. तिथे पाणी टिकते, पण अस्तराच्या गुळगुळीत, तिरप्या भिंतीवरून चढून मातीपर्यंत पोचणे अळीला अवघड जाते. त्यामुळे अस्तर घातलेल्या तळ्यात दिसणारे बहुतेक भुंगेरे तिथे जन्मलेले नसून आलेले पाहुणे असावेत, असा माझा कयास आहे. काळे प्लास्टिक चकाकत असेल तर वरच्या मोटारीप्रमाणे तेही त्यांना बोलावत असणार. काठाशी मातीचा एक लहानसा उतार पाण्यापर्यंत ठेवला, तर त्यांची पिढी तिथे वाढू शकेल, आणि पाण्यात पडलेल्या बेडकाला, सरड्यालाही त्याच वाटेने बाहेर येता येईल.

सड्यावरच्या खळग्यांत मात्र लॅकोफिलसखेरीज दुसरीही एक प्रजाती आपल्याला भेटण्याचा बराच संभव आहे. तिचे नाव कोपेलेटस, ग्रीक भाषेत वल्हेकरी. १८३२ मध्ये एरिक्सन या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने तिला नाव दिले, आणि चारशेहून अधिक जाती असलेली ती आज पाणभुंगेऱ्यांतली सर्वांत मोठी प्रजाती आहे. हे भुंगेरे लॅकोफिलसहून थोडे लांबट आणि बहुधा गडद तांबूस किंवा काळपट असतात. पंखकवचांवर लांबीच्या दिशेने कोरलेल्या बारीक रेघा ही त्यांची मोठी खूण. या रेघा किती आहेत हे मोजूनच त्यांचे गट पाडले जातात. सावलीतली डबकी, झिरपे, कुजणाऱ्या पाल्याखालची ओल अशा ठिकाणी ते राहतात, जिथे पोहण्याइतके पाणीही पुष्कळदा नसते.

भारतीय आणि आशियाई पाणभुंगेऱ्यांची मोठी सूची झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे टी. जी. वझिरानी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तोच अभ्यासकांचा मुख्य आधार राहिला. पण यादी पूर्ण झालेली नव्हती. पुण्याच्या सायली शेठ आणि हेमंत घाटे यांनी प्रागच्या यिर्झी हायेक यांच्यासह २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या कोपेलेटसचा आढावा घेतला, तेव्हा एकट्या या राज्यातून तीन नव्या जाती त्यांना वर्णन करता आल्या. तेव्हा पुढच्या आषाढात खळग्यात गाळणी फिरवाल, तेव्हा बशीतल्या भुंगेऱ्याच्या पाठीवर रेघा आहेत का ते आधी पाहा. असल्या तर भिंगाखाली त्या एका बाजूच्या कवचावर मोजा, पाठीचे स्वच्छ छायाचित्र घ्या, खळग्याची जागा व तारीख लिहून ठेवा आणि भुंगेऱ्याला परत त्याच खळग्यात सोडा.